कॅप्टनची बॅग

“सगळं बाहेर काढा,” तो म्हणाला.

“का? तुमच्या दुकानातलं काही उचललंय का मी?”

तो हसला नाही. काउंटरवरची बकलं, चेनी, दोऱ्याची रिळं हाताने बाजूला सारली आणि माझ्या बॅगेकडे बोट दाखवलं. बॅग कसली, नुसतं लक्तर. सकाळी डोंगर उतरताना तिचा उजवा पट्टा मुळापासून उसवला होता. ती पोटाशी धरून, एका हाताने सायकल सांभाळत, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली मी बॅगांचं जे पहिलं दुकान उघडं दिसलं त्यात शिरले होते. मोठी बॅग द्या आणि लवकर द्या, एवढंच म्हटलं होतं. पोटात कावळे ओरडत होते, आणि भूक लागली की माझ्या वाटेला कुणी जाऊ नये.

“काय भरता ते बघितल्याशिवाय कुठली बॅग देऊ?” तो म्हणाला. “लोक रंग बघून बॅग नेतात आणि मग माझ्या नावाने खडे फोडतात.”

मी बॅग उलटी केली. खडखडाट झाला. त्याने पंप उचलला.

“ट्यूबा तीन? सायकल तर एकच दिसतेय बाहेर.”

“कुणाचंही पंक्चर होतं. मी ग्रुप नेते डोंगरात, दर रविवारी. पुढे मी असते.”

“आणि हा मलमपट्टीचा डबा?”

“कुणी पडलं तर.”

“जॅकेट तुमच्या मापाचं नाही.”

“नवीन मुलं आणत नाहीत. मग वर जाऊन कुडकुडत बसतात.”

त्याने एक चष्मा उचलून उजेडात धरला. तो आमच्या काकांचा. ग्रुप त्यांनीच सुरू केला, सायकलींचं दुकानही त्यांचंच, आणि जवळचा चष्मा रोज घरी विसरायचा हा नेमही त्यांचाच. म्हणून त्यांचा एक चष्मा कायम माझ्याकडे असतो. हे सगळं मी जरा तावातावानेच सांगितलं. तो ऐकत होता. मग त्या ढिगावरून हात फिरवत त्याने विचारलं, “आणि यात तुमचं काय आहे?”

मी ढीग उपसून बघितला. खरंच काही नव्हतं. ओठांना लावायची एक डबी होती, पण तीही कुणीतरी माझ्याकडे ठेवायला दिलेली. आता यात हळवं होण्यासारखं काय होतं, सांगा. पण मी झाले. इतकी वर्षं मी ही बॅग वाहत होते आणि हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मी स्वतःही नाही.

“पाठ करा माझ्याकडे,” तो म्हणाला. “मान खाली.”

“हे काय आणखी?”

“बॅग माणसाच्या उंचीवर घेत नाहीत, पाठीच्या लांबीवर घेतात. मानेखाली एक हाड लागतं हाताला... हे. इथून कमरेच्या हाडापर्यंत.”

टेप गार होती. बोट मात्र ऊबदार होतं आणि जिथे टेकलं तिथे नेमकं, जेवढ्यास तेवढंच टेकलं. मी फरशीवरचे माझेच ओले ठसे बघत उभी राहिले. उगाच.

त्यानंतर त्याने माझा तासभर छळ केला. दुकानाच्या मधोमध स्टँडवर एक जुनी सायकल होती, तिच्यावर मला बसवलं. बॅगेत माझं सामान भरायचं आणि म्हणायचं, वाका, उतारावर वाकता तशा वाका. पहिली बॅग मी वाकताच डोक्यामागे धडकली आणि हेल्मेट पुढे सरकून डोळ्यांवर आलं.

“आता उतारावर काय दिसेल?” त्याने विचारलं.

“काही नाही. तुमचं तोंडही नाही. बरंच आहे.”

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. दुसरी बॅग वळणावर वळल्यासारखं केलं की एका अंगाला झुकायची. काचेबाहेर दोन बायका थांबून आमच्याकडे बघत होत्या. तिसरी राखाडी रंगाची होती, दिसायला अगदीच साधी. त्याने ती माझ्या खांद्यांवर चढवली, पुढे आला आणि पट्टे ओढायला लागला.

“आधी कमरेचा. वजन कमरेवर येऊ द्या. खांद्यावर बॅग नुसती टेकली पाहिजे. मग हे... आणि मग छातीवरचा तुम्ही लावा.”

छातीवरचं बकल मी लावलं. त्याने तेवढा वेळ छताकडे बघितलं. कान लाल झाले होते त्याचे.

बॅग बसली. पाठीवर आहे हेच कळेना. वरच्या बाजूला एक छोटा कप्पा होता, त्यावर त्याने टिचकी मारली. “यात तुमचं काहीतरी ठेवा. दुसऱ्या कुणाचं नाही.”

“काय ठेवू?”

“कोरडे मोजे ठेवा. मघापासून दुकानभर तुमच्या पायांचे ठसे उमटलेत.”

घरी गेल्यावर आई म्हणाली, काय गं, चिखलात पडलीस आणि हसतेस काय? मी म्हटलं, पडले नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली. आईला सगळं आधी कळतं आणि मग ती मला कळायची वाट बघत बसते.

पुढच्या रविवारी सकाळी काकांच्या दुकानासमोर सगळे जमलो, तर हा हजर. कुणाची तरी मागून आणलेली सायकल, हेल्मेट मागेपुढे उलटं घातलेलं.

“बॅग कशी वागतेय ते बघायला आलो,” तो म्हणाला.

“सगळ्या गिऱ्हाइकांच्या मागे असे जाता?”

“बाकीचे बागेत फिरतात हो. डोंगर चढणारं गिऱ्हाईक हे एकच.”

पहिल्या चढावर त्याची जीभ बाहेर आली. अर्ध्यावर तो उतरून सायकल ढकलायला लागला. कुणीतरी तेव्हाच त्याचं नाव ‘बॅगवाला’ पाडलं आणि ते चिकटलं. पण गडी चिवट. दर रविवारी यायला लागला, हळूहळू चढही चढायला लागला, आणि एकदा काकांनी त्याला शेपूट केलं.

शेपूट म्हणजे रांगेतला शेवटचा माणूस. आमच्यात पुढे कॅप्टन आणि मागे शेपूट, मधे बाकी सगळे. वाटेला फाटा लागला की कॅप्टनने थांबायचं, एक लांब शिट्टी मारायची. मागे शेपटाने बघायचं कुणी राहिलं नाही ना, आणि दोन आखूड शिट्ट्या मारायच्या. त्या ऐकू आल्याशिवाय कॅप्टनने जागचं हलायचं नाही. यात गंमत अशी की कॅप्टन आणि शेपूट अख्ख्या डोंगरात एकमेकांच्या नजरेलाही पडत नाहीत. फक्त शिट्टी.

तर मी फाट्यावर उभी. झाडांतून धुकं सरकत होतं, मानेवर घाम गार व्हायला लागलेला. मी शिट्टी मारली. खालून दोन आल्या. आणि मग जरा थांबून... एक तिसरी, अगदी बारीक.

वर पोचल्यावर मी त्याला गाठलंच. “तिसरी कशाला मारली? तिचा काही अर्थ नाही. गोंधळ होतो.”

“दोन ग्रुपसाठी.” तो बाटलीचं झाकण फिरवत बसला होता. “तिसरी तुमच्यासाठी.”

“नियमात नाही ती.”

“मग नका ऐकू.”

मी नाही ऐकली, असं कसं म्हणू? त्यानंतर प्रत्येक फाट्यावर मी तिच्यासाठी कानात प्राण आणून उभी राहायला लागले. ग्रुपमध्ये कुजबुज सुरू झाली. काका चष्मा मागायला आले की मिश्कील हसायचे. आम्ही ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी आलो ते कळलंच नाही. एकदा वर बसल्यावर त्याने माझ्या बॅगेच्या वरच्या कप्प्यातून मोजे काढून माझ्या हातात ठेवले आणि म्हणाला, “घाल. स्वतःसाठी आणतेस आणि घालत नाहीस.” मी घातले. सगळे बघत होते, आणि मला कुणाचीच पर्वा नव्हती.

मी दातांच्या प्रयोगशाळेत काम करते. कवळ्या बनवते. दिवसभर प्लॅस्टरचे साचे, मेणाचा वास, आणि बोटांवर पांढरी भुकटी. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो तिथे आला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी, आणि अंगावर इस्त्रीचा शर्ट. इस्त्रीच्या शर्टात मी त्याला पहिल्यांदाच बघत होते.

“हे कुणाचे दात?” त्याने साच्यांकडे बघत विचारलं.

“एका आजोबांचे. हात नको लावू, ओले आहेत.”

“लग्न करशील माझ्याशी?”

असं त्या आजोबांच्या दातांसमोर विचारलं त्याने. मी हात पुसायला फडकं शोधत होते आणि मला ते डोळ्यांसमोर असून दिसत नव्हतं. त्याने ते उचलून दिलं.

“आधी हे उघड,” तो म्हणाला.

कागदात बॅग होती. इवलीशी, निळी, पाण्याच्या पिशवीपुरती आणि जेमतेम एखाद्या रुमालापुरती. शिवण नवीन होती. त्याने स्वतः शिवली होती, माझ्या पाठीच्या मापाची.

“तुझ्यासाठी. फक्त तुझंच सामान मावेल, दुसऱ्या कुणाचं मावणारच नाही अशी केलीय.” तो भराभर बोलत होता. “काकांशी बोललोय मी. या रविवारपासून पुढे मी. सगळ्यांचं सामान माझ्याकडे. तू फक्त मजेत सायकल चालवायची.”

माझ्या कानांत अजून पहिलाच प्रश्न घुमत होता. मी म्हटलं, “हो.” तो इतका खुलला की साचा पडता पडता वाचला. तो गेल्यावर मी निळ्या बॅगेवर उमटलेले माझ्या बोटांचे पांढरे ठसे पुसत बसले. ते पुसले जाईनात. तेव्हा कुठे मला दुसरं वाक्य ऐकू आलं... काकांशी बोललोय मी.

आईला आनंदाचं भरतं आलं. “केवढी काळजी तुझी त्याला. सगळ्यांचं करत फिरतेस, तुझं करणारा भेटला एकदाचा.” मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटत होतं. खांदे दुखायचे की माझे. आणि कुणीतरी म्हणावं, ठेव गं खाली, असं मला कितीतरी वेळा वाटलेलं होतं. मग म्हटलं कुणी, तर कुरकुर कसली करायची? मी स्वतःलाच दटावलं.

रविवारी मी निळी बॅग घेऊन गेले. शिट्टी आदल्याच दिवशी त्याने मागून नेली होती. तो पुढे उभा, पाठीवर काळी मोठी बॅग, सगळं सामान नीट भरलेलं. काकांचा चष्माही. शेपटाला काका.

आणि त्याने छान नेलं. हे सांगायलाच हवं. कुणी पडलं नाही, वाट चुकली नाही, नवीन मुलांना तो चढावर धीर देत होता. एक पंक्चर झालं ते त्याने मिनिटात काढलं. मी मधे होते. वाऱ्यासारखी चालली होती सायकल, पाठीवर काही नाहीच. पहिल्या फाट्यावर माझा हात गळ्याशी गेला, शिट्टी चाचपायला. पुढे त्याने मारली. मागून काकांच्या दोन आल्या. त्याने मागे वळून मला डोळा मारला आणि निघाला. सगळे त्याच्या मागे निघाले. मीही निघाले, माझा नंबर आल्यावर.

वर पोचल्यावर एक नवीन मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. दमलेली, पण खूश. तिने माझी बॅग बघितली, मग स्वतःची दाखवली. अशीच इवलीशी होती.

“तुम्हीही नवीन का?” तिने विचारलं.

मला काहीतरी बोलायचं होतं. समोर तो बॅगेतून जॅकेट काढून कुणाला तरी देत होता, मी इतकी वर्षं वाहिलेलं तेच जॅकेट. सगळे त्याच्याभोवती. एकाही माणसाने सकाळपासून माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

“हो,” मी म्हटलं. “नवीनच.”

संध्याकाळी मी त्याच्या दुकानात गेले. तो मशीनवर बसून पट्टा शिवत होता. मला बघून मशीन थांबवलं. मी निळी बॅग काउंटरवर ठेवली.

“घट्ट होतेय?” त्याने विचारलं.

“नाही. मापाची आहे. शिट्टी दे माझी.”

त्याचा चेहरा उतरला. “काय झालं? नीट नाही नेलं मी?”

“छान नेलंस.”

“मग?”

“काकांशी बोलायच्या आधी मला विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.”

“हो. म्हणाले असते.”

बाहेर भुरभुर पाऊस सुरू झाला होता, काचेवर थेंब जमत होते. पहिल्या दिवशी मी ज्या सायकलवर वाकून बसले होते तिच्यावर आता नवीन माल टांगलेला होता.

“तुझ्यासाठीच केलं ना मी,” तो म्हणाला. “एवढंही कळत नाही तुला?”

“कळतं. म्हणून तर आठवडाभर तोंड बंद ठेवलं.”

“मग परत हो तू पुढे. मी जातो मागे. झालं?”

त्याने हे चिडून म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण तो खरंच म्हणत होता. मला केवढं हायसं वाटलं. मी काउंटरवरून हात पुढे केला, त्याने धरला. टेप धरणारी ती ऊबदार बोटं.

“लग्नापर्यंत काय ते हौसेने कर,” तो म्हणाला. “नंतर मात्र नाही हं.”

“नंतर काय होतं?”

“अगं, लोक हसतात.” त्याने हात सोडला नाही, पण बघत होता दोऱ्याच्या रिळाकडे. “मागे मला सगळं ऐकू येतं. सगळ्यात पुढे तू, पाठीवर ते गाठोडं. म्हणतात, बायको हमाली करणार आणि हा मागून शिट्ट्या मारणार. तोंडावर म्हणतात. मला नाही सहन होत.”

“मीही ऐकलंय ते.”

“मग?”

“मला हसू आलं होतं. म्हटलं, आपलं कसं वेगळंच जमलंय.”

त्याने वर बघितलं. त्याला मी आवडत होते, हे त्या नजरेत स्पष्ट होतं, आणि तेच वाईट होतं. मला वाटलं होतं त्याला माझे खांदे दुखतात याचं दुःख आहे. होतंही असेल. पण त्याच्या आत दुसरंच काहीतरी दुखत होतं, आणि त्याच्यावर इलाज म्हणून त्याने मला एवढीशी बॅग शिवून दिली होती.

“एकदा माझ्यासाठी मागे हो ना,” तो म्हणाला. “एवढंच मागतोय.”

“मी तुझ्यासाठी फाट्यावर थांबायचे. प्रत्येक फाट्यावर. ते पुरलं नाही तुला?”

त्याने खण उघडला, शिट्टी काढली, तिची दोरी नीट गुंडाळली आणि निळ्या बॅगेशेजारी ठेवली. मी शिट्टी उचलली. बॅग तिथेच राहिली. दारापर्यंत गेले तेव्हा मागून मशीन सुरू झाल्याचा आवाज आला, दोन टाके घातले आणि थांबलं. मी वळले असते तर आज ही गोष्ट वेगळी झाली असती, असं आईला अजून वाटतं. ती कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. “एका बॅगेपायी?” एवढंच म्हणायची, भांडी जोरात आपटत.

तो ग्रुपमध्ये परत आला नाही. काकांनी एकदाही विषय काढला नाही, फक्त शेपूट म्हणून स्वतःचंच नाव लावून टाकलं.

राखाडी बॅग मी अजून वापरते. रागाच्या भरात दुसरी घ्यायला गेले होते, दोन-तीन पाठीवर घालूनही बघितल्या. एकही धड बसेना. त्याच्यासारखं माप घेणारं कुणी नाही, आणि ही बॅग माझ्या पाठीला इतकी बसलेली आहे की टाकायची कशी? वरच्या कप्प्यात मोजे असतात. ते मी कुणाला देत नाही. चष्मा, ट्यूबा, जॅकेट, काय हवं ते मागा. मोजे नाही.

परवाच्या रविवारी ती नवीन मुलगी माझ्या अगदी मागे होती. आता चांगली चढते. फाट्यावर मी थांबले, लांब शिट्टी मारली. खालून काकांच्या दोन आल्या, आखूड आणि ठणठणीत. सगळे आले होते, कुणी राहिलं नव्हतं.

मी थांबलेलीच.

“कॅप्टन,” ती मुलगी म्हणाली, “दोन झाल्या की.”

“ऐकल्या,” मी म्हटलं. कमरेचा पट्टा जरा घट्ट केला. खांद्यांच्या पट्ट्यांना हात लावला नाही, ते त्याने ओढून ठेवले होते तसेच आहेत. आणि निघाले.